मधली सुटली

तिघा भावंडांनी एकाच दिवशी, एकाच खोलीत बसून निकाल ऐकायचा, हा दादाचा हट्ट होता. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी सांगून पाहिलं, की असले निकाल शक्यतो एकेकट्याला सांगतात, कुणाला ऐकायचाच नसेल तर तेही चालतं. पण दादाने पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं इंजिनियरकी केलेली. त्याच्यासमोर कुणी 'शक्यतो' म्हटलं की तो पुढचं ऐकत नसे.

"आमच्या घरात लपवाछपवी नाही," तो म्हणाला. "एकदमच सांगा."

बाईंनी तीन लिफाफे टेबलावर ठेवले.

प्रकरण आईपासून सुरू झालं होतं. आईला चौहत्तराव्या वर्षी विसरायला होऊ लागलं. आधी नळ, मग शेजारी, मग वार, आणि तीन वर्षांत घरातली माणसं. तिच्या भावाचंही असंच झालं होतं आणि म्हणे तिच्या वडिलांचंही, त्यामुळे हा आजार घरात 'आईच्या माहेरचा' म्हणूनच ओळखला जाई. आई ज्या इस्पितळात दाखवायला जायची तिथे मेंदूच्या आजारांवर संशोधन चालू होतं. त्यांनी विचारलं, मुलांचं रक्त तपासू का? आजाराचा धोका वाढवणारं एक जनुक असतं, ते कुणाकडे किती आहे ते कळेल. दादा हो म्हणाला, म्हणजे तिघंही हो म्हणाली.

निकाल असा होता: त्या जनुकाच्या दादाकडे दोन प्रती, धाकटीकडे एक, आणि मधलीकडे एकही नाही.

"दोन?" दादा म्हणाला. "म्हणजे एक बाबांकडूनही?"

बाई म्हणाल्या, हो, एक आईकडून, एक वडिलांकडून. दादाला हे आजारापेक्षा जास्त लागलं. बाबा एकेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले होते. विसरायला त्यांना आयुष्यच पुरलं नव्हतं, आणि त्यामुळे इतकी वर्षं सगळा ठपका मामाच्या घराण्यावर बिनबोभाट बसला होता.

मग बाईंनी पुष्कळ समजावून सांगितलं. हा धोका आहे, निकाल नव्हे. दोन प्रती असूनही शेवटपर्यंत खणखणीत राहिलेली माणसं आहेत, एकही प्रत नसताना आजारी पडलेलीही आहेत. झोप, व्यायाम, रक्तदाब, माणसांत राहणं, या सगळ्याने फरक पडतो. दादा मान डोलावत होता, पण मान डोलावणं आणि ऐकणं ही त्याची दोन वेगळी खाती होती. धाकटी रडत होती. रडता रडता तिने मधलीकडे पाहिलं, दादानेही पाहिलं, आणि दोघांच्या नजरेत असं काही होतं, की मधलीला वाटलं आपण यांच्या ताटातलं उचललंय.

"तू सुटलीस गं," म्हणून धाकटीने तिला मिठी मारली.

लिफ्टमध्ये मधलीच्या तोंडून 'सॉरी' निघून गेलं. कुणीही 'कशाबद्दल' म्हणून विचारलं नाही.

ती तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात, पाठीमागच्या खोलीत, काचा घासून फ्रेमीत बसवायचं काम करायची. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, धाकटी चार वर्षांनी लहान. दोघांची नावं कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असत, पण हिला लहानपणापासून मधली म्हणत ते कायमचंच झालं. भाचरं तिला मधलीआत्या आणि मधलीमावशी म्हणत. लग्न राहून गेलं होतं. त्यामागे काही करुण कहाणी नव्हती, एक-दोनदा जमत आलं आणि दोन्ही वेळा तिलाच सुटल्यासारखं वाटलं होतं. दोन खोल्यांचं घर होतं, खिडकीत एक आरामखुर्ची होती, आणि संध्याकाळी त्या खुर्चीत बसून काहीही न करणं हा तिचा छंद होता.

निकालानंतर महिन्याभरात आई त्या खुर्चीत आली.

आई तोवर दादाकडे होती. दादा म्हणाला, डोकं शाबूत आहे तोवर जग बघून घेतो, आणि तीन वर्षं आधीच निवृत्त झाला. वहिनींनी आईची बॅग इतकी नीटनेटकी भरली होती, की ती त्याच आठवड्यात भरलेली नसणार हे मधलीला ओळखू आलं. धाकटीचं केस कापायचं पार्लर होतं. तिला डॉक्टरांनी झोपेला जपा म्हणून बजावलं होतं, आणि आई तर रात्ररात्र जागायची. आईशेजारी बसलं की मला माझंच पुढचं दिसतं, असंही ती म्हणाली. यावर कोण काय बोलणार? मधलीला पुढचं काही दिसायचं नव्हतं. तिचा रस्ता मोकळा होता. मोकळ्या रस्त्यावर सगळ्यांनी आपापलं सामान आणून ठेवलं.

सामान म्हणजे नुसती आई नव्हे. दादाने एक जाडजूड फाईल आणून दिली: कुठल्या कपाटाची किल्ली कुठे, कुठल्या कागदावर कुणाची सही, मी ओळखेनासा झालो की कुणाला काय सांगायचं. धाकटी दर दोन महिन्यांनी आईचे केस कापायला यायची. ते ती मन लावून कापायची आणि आईला त्या दिवशी फार छान वाटायचं, हे मधली नेहमी कबूल करी. पण केस कापता कापता ती स्वतःची गुपितंही मधलीच्या हवाली करी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ती नापास झाली होती आणि घरी पास सांगितलं होतं. "मी विसरले तरी हे तुझ्यापाशी राहू दे," ती म्हणायची. हे जगात कुणाच्याच लक्षात नाही राहिलं तर काय बिघडेल, हे मधलीला कळत नसे. पण तिने ठेवून घेतलं. घरात कुणाला जुनं काही हवं असलं, फोन नंबर, तारीख, भांडणाचं कारण, की एकच उत्तर असे: मधलीला विचार, तिला काय, तिला सगळं आठवणारच आहे.

सकाळी शेजारच्या निवृत्त नर्सबाई आईजवळ बसत आणि मधली कामावर जाई. परत आली की आई विचारी, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" मधली म्हणे, तुमच्याकडेच. आई खूश होई आणि पाहुणीला घरची माहिती सांगे. त्यात एक वाक्य हमखास असायचं.

"माझा मुलगा ना, रोज येतो मला भेटायला. एक दिवस चुकत नाही."

दादा आधी दर रविवारी यायचा. मग महिन्यातून एकदा. मग फोनवर चौकशी करू लागला, प्रवासातून फोटो पाठवू लागला, कधी बर्फात, कधी उंटावर. आई जायच्या आधीची दोन वर्षं तो आलाच नाही. आईचं ते वाक्य मधलीने त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, आणि त्याला बरं वाटावं असं तिला त्या दिवसांत वाटत नव्हतं.

याच काळात दुकानाच्या मालकांनी तिला दोनदा विचारलं होतं. समुद्राकाठच्या एका गावात त्यांना दुसरं दुकान काढायचं होतं आणि ते चालवायला त्यांना हीच हवी होती. दोन्ही वेळा ती म्हणाली, आईला सोडून कशी जाऊ? मालकांनी दुकान काढायचंच लांबणीवर टाकलं.

आई तिच्याकडे सहा वर्षं राहिली आणि एका दुपारी खुर्चीतच गेली. सगळे आले. दादा पुष्कळ रडला. सगळं उरकल्यावर धाकटी म्हणाली, आता तू जरा आराम कर, पुढे आम्हीही आहोतच. 'आहोतच' म्हणजे मदतीला नव्हे, रांगेत, हे समजायला मधलीला दोन दिवस लागले. त्यानंतर खरंच दोघं तिला अधूनमधून येऊन बघून जात. माणूस नव्या घराचं बांधकाम बघायला जातो तसं. दादाने तर एकदा आतल्या खोलीचं माप घेतलं. पलंग कुठल्या बाजूला बसेल ते आत्ताच ठरवलेलं बरं, म्हणाला.

तीन वर्षं अशी गेली आणि मग दुकानात ती चूक झाली.

एक शिक्षिका नवा चष्मा घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. म्हणाल्या, जिना उतरताना पायऱ्या पोहतात. मालकांनी काचा तपासायच्या यंत्राखाली चष्मा धरला आणि बराच वेळ डोकं वर काढलं नाही. उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसली होती, डाव्याची उजवीकडे. तीस वर्षांत मधलीच्या हातून असं झालं नव्हतं. त्याच आठवड्यात दूध दोनदा उतू गेलं होतं आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये सापडली होती.

"ताई, तब्येत बरी आहे ना?" मालकांनी हळूच विचारलं. त्यांना खरं तर त्या दिवशी दुकानाचं तिसऱ्यांदा विचारायचं होतं, ते त्यांनी गिळलं.

मधलीला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. समुपदेशनाच्या बाई म्हणाल्याच होत्या, एकही प्रत नसताना होतं कुणाकुणाला. आपल्याला झालं असेल तर? मग फाईल परत जाईल. मग पलंग दुसऱ्या कुणाच्या तरी आतल्या खोलीत बसेल, आणि त्यावर आपण असू. या विचाराची तिला लाज वाटली. लाज वाटत असतानाच तिने रजेचा अर्ज लिहिला आणि इस्पितळाची वेळ घेतली.

आईला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचे केस आता पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला लावले. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायला सांगितलं. शंभरातून सात वजा करत जा म्हणाल्या. चित्रातले प्राणी ओळखायला लावले. मधलीने मुद्दाम काही चुकवलं नाही. तेवढी अप्रामाणिक ती नव्हती, आणि काचा घासणाऱ्या हाताला वाकडं वर्तुळ काढताच येत नव्हतं. शेवटी पाचही शब्द तोंडातून क्रमाने बाहेर पडले तेव्हा तिचं तिलाच वाईट वाटलं.

"तीसपैकी तीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"परत एकदा घेता का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "इतकी वर्षं या खुर्चीत बसलेय. पैकीच्या पैकी मिळाल्यावर इतका पडलेला चेहरा मी पहिल्यांदा बघतेय."

मग त्यांनी घरचं विचारलं. कोण असतं, झोप किती, सुट्टी शेवटची कधी घेतली. मधलीने सगळं सांगितलं, दादाच्या मापाच्या टेपपर्यंत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही थकलाय, दुसरं काही नाही, आणि त्यावर माझ्याकडे गोळी नाही. आणि एक लक्षात ठेवा, ते जनुक नाही म्हणजे तुम्हाला कधी होणारच नाही असं नाही, आणि भावाकडे आहे म्हणजे त्यांना होणारच असंही नाही.

"हे तेव्हाही सांगितलं होतं," मधली म्हणाली. "आमच्याकडे कुणी ऐकलं नाही."

बाहेर काउंटरवरच्या मुलीने तिचा कागद पाहिला, आडनाव पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "तुम्ही त्या इंजिनियरसाहेबांच्या बहीण का? दर वर्षी येतात ते. शंभरातून सात पाच वेळा वजा केले की थांबा म्हणतो आम्ही, पण ते थांबतच नाहीत. थेट दोनपर्यंत जातात. एक गुण कधी गेला नाही त्यांचा." एवढं बोलल्यावर हे बोलायचं नव्हतं असं तिच्या लक्षात आलं आणि ती घाईघाईने शिक्का शोधू लागली.

मधली बसने सरळ दादाच्या घरी गेली. तो बाल्कनीत सायकलच्या साखळीला तेल देत होता. हाफपँट, बनियन, सहासष्टाव्या वर्षी पोट असं नाहीच. इकडेच ये, हात बरबटलेत, म्हणाला. ती स्टुलावर बसली.

"दादा, यंदा तुझा निकाल काय आला?"

वहिनी दारात उभ्या होत्या. कुणी न मागितलेला चहा करायला त्या आत गेल्या.

दादाने आधी कसला निकाल म्हणून पाहिलं, पण त्यात त्याचा जीव नव्हता. मग चिंधीने एकेक बोट पुसत बोलू लागला. पहिली दोन वर्षं त्याला खरंच वाटायचं, की पुढच्या खेपेला काहीतरी निघणार. रात्री उठून तो मामांची आणि आजोबांची वयं मोजायचा. तिसऱ्या वर्षी भीती कमी झाली, चौथ्या वर्षी जवळजवळ गेलीच. पण तोवर आई तिच्याकडे रुळली होती.

"आई कुठेच रुळली नव्हती," मधली म्हणाली.

"बरं. पण चांगला निकाल सांगणार कसा? सांगितला असता तर तू म्हणाली असतीस, मग घेऊन जा आईला."

"म्हणालेच असते."

"म्हणूनच नाही सांगितला."

इतका सरळ जबाब तिला अपेक्षित नव्हता. भांडायला काही उरलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती सरळ लागेपर्यंत दोघं तिकडे बघत राहिली.

"तुला सगळं आठवतं ना?" मग तिने विचारलं. "आईला शेवटचं कधी भरवलंस, सांग."

आठवत नाही म्हणण्याची त्याला मुभा होती. सगळ्या घरात ते वाक्य त्याच्यासाठीच राखून ठेवलेलं होतं, आणि कुणीही त्याला माफ केलं असतं. पण तो म्हणाला, "जूनचा दुसरा रविवार. ती जायच्या आधी दोन वर्षं. गाजराचं सूप होतं. तिने माझ्या हातावर सांडलं आणि म्हणाली, माफ करा हं साहेब." त्याने चिंधी बाजूला ठेवली. "साहेब म्हणाली गं मला. त्यानंतर माझे पायच उचलले नाहीत."

मधलीने मग त्याला ते सांगितलं. तुमचा मुलगा काय करतो असं कुणी विचारलं नाही तरी आई काय म्हणायची, ते. रोज येतो, एक दिवस चुकत नाही. दादा ऐकत राहिला आणि मग तेलकट हातांनीच त्याने तोंड झाकलं. चहा आला तेव्हा त्याच्या कपाळावर काळा पट्टा होता, आणि वहिनींनी काही न विचारता तो पदराने पुसला.

दुसऱ्या दिवशी मधली मालकांना म्हणाली, समुद्राकाठच्या दुकानाचं काय झालं? मालक इतके गडबडले, की आधी नाहीच म्हणाले आणि मग हो.

निघायच्या आधी तिने फाईल परत केली. दादाने ती उघडून तिच्यासमोरच चाळली. त्यात एक पानभर यादी होती, ज्यांना कधीही माफ करायचं नाही अशा अकरा माणसांची. त्यातल्या दोघांवर आपला नेमका राग कशाचा, हे त्याला काही केल्या आठवेना. त्याने तिच्याकडे पाहिलं. मधलीला दोन्ही कारणं माहीत होती, पण तिने खांदे उडवले. धाकटीला तिने फोनवर सांगितलं, तुझं दुसरं वर्ष तू तुझं सांभाळ. धाकटी आधी हसली, मग फुरंगटली, मग रडत म्हणाली, मला झालं तर माझ्याकडे कोण बघेल? मधली म्हणाली, होईल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, तोवर तू पार्लर बघ. असं तोडून बोलल्याबद्दल तिला नंतर रुखरुख लागली. तिने परत फोन केला. धाकटीने उचलला नाही. पंधरा दिवसांनी तिनेच केला आणि समुद्राच्या हवेत केस फार गळतात, तेल लाव, एवढंच बोलली.

नवं दुकान लहान होतं. पाठीमागच्या खोलीतून पाणी दिसत नव्हतं, पण काचांवर खाऱ्या हवेचा थर बसायचा आणि तो दिवसातून तीनदा पुसावा लागे. संध्याकाळी मधली काहीही न करता बसू लागली. पहिले काही आठवडे पाच वाजले की ती उगाच उठायची, आईला सूप द्यायची वेळ म्हणून. मग परत बसायची. आईची इतकी आठवण तिला आई घरात असताना कधी आली नव्हती.

तिसऱ्या महिन्यात तिला ताप आला आणि दादा न सांगता येऊन थडकला. बरोबर सायकल नव्हती, कॅमेरा नव्हता. भात लावला तो करपवला, दुसऱ्यांदा लावला तो जमला. चौथ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरून पाव आणतो म्हणून गेला आणि तासभर आलाच नाही. आला तेव्हा घामाघूम होता, पाव चेपलेला होता.

"रस्ता चुकलो," तो म्हणाला. जरा वेळाने, पाठ वळवून, सुरी शोधत म्हणाला, "मधले, हे तेच असेल का गं?"

तीसपैकी तीस मिळवणाऱ्या माणसाचा हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. नऊ वर्षं घरात सगळे या भीतीवर जगले होते, पण ती इतकी साधी, कपडे न घालता, पहिल्यांदाच समोर आली होती. मधलीला वाटलं, नाही म्हणून टाकावं. पण तिला माहीत नव्हतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "उद्या ताप उतरला तर दोघं मिळून जाऊ पाव आणायला. आज भांडी तू घास."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. मासळीच्या गोदामापाशी गल्लीला तीन फाटे फुटत होते. दादा म्हणाला डावीकडे. मधली म्हणाली उजवीकडे, ती तीन महिने इथे राहत होती. उजवीकडे गेले तर एका भिंतीपाशी आले. परत फिरून डावीकडे गेले तर कुणाच्या तरी अंगणात कपडे वाळत होते आणि एक कुत्रा त्यांच्याकडे संशयाने बघत होता. दादा म्हणाला, काल याच कुत्र्यापाशी आलो होतो. मधली म्हणाली, मग डावीकडे का म्हणालास? तिथेच उभं राहून दोघं चांगली दहा मिनिटं भांडली. शेवटी कपडे वाळत घालायला आलेल्या बाईंना विचारलं. त्यांनी ओला हात उचलला आणि दोघांनी न सांगितलेल्या तिसऱ्याच दिशेकडे बोट दाखवलं.